पिवळी रेघ

१

एक विचारू? एखादं काम एकानं केलं आणि दुसऱ्यानं तपासलं, तर विश्वास कोणावर ठेवायचा? करणाऱ्यावर की तपासणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी घाई केली होती.

माझं दुकान बिजागऱ्या, कड्या आणि कुलपांचं. शाळेशी माझं सातवीतच फाटलं. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं, तेही भांडून. एक गृहस्थ बिजागरी परत घेऊन आले, म्हणाले, "शेठ, करकरते." मी दाराला लावून दाखवली, आवाज नाही. ते बघायला खाली वाकले, तर करकर. म्हटलं, "काका, हा तुमचा गुडघा आहे. तो माल आम्ही ठेवत नाही." हसले, आणि जाताना एक कडी घेऊन गेले. तेव्हापासून माझा नियम: आवाज कुठून येतो ते आधी ठरवावं, माल मग बदलावा.

दुकानावर आमचं घर, आणि मागे माल ठेवायची खोली, तिला लोखंडी शटर. त्या खोलीत मी जुनी गाडी आणून उभी केली ती झिपरीसाठी. झिपरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. जनावरांची डॉक्टर झाली, पण डोक्यावरचं केसांचं टोपलं तसंच राहिलं, म्हणून नावही तेच राहिलं. लांबच्या गावी तिला नोकरी लागली होती. गोठ्यागोठ्यांतून फिरायचं, एकटीनं, ओसाड रस्त्यांनी. वाटेत चाक सुटलं तर हाक मारायलाही कोणी नाही. म्हणून मी ठरवलं, गाडी तिच्या हाती देण्याआधी तिचा एकेक नट आपण स्वतः आवळायचा. आपला हात जगन्नाथ.

आमची ही म्हणाली, "तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही."

म्हटलं, "सायकल विकून किती वर्षं झाली? माणूस शिकतो."

२

आणि शिकलो. जॅकवर गाडी उचलावी, पण जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, लोखंडी तिपाई लावावी. काढलेले नट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं फडक्यावर मांडावेत. पाठीखाली पुठ्ठा अंथरून आत सरकायला लागलो, की वरचं जग तेवढ्यापुरतं संपायचं. राहायचा तेलाचा वास आणि नाकापासून वीतभर अंतरावरचं लोखंड.

पहिल्याच दिवशी बॅटरीच्या उजेडात मला रेघा दिसल्या. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ, नटावरून सुरू होऊन शेजारच्या पत्र्यावर उतरलेली. मी खूश झालो. कसलेले कारागीर नट पुरता आवळला की अशी रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला की रेघ तुटते. अर्धी नटाबरोबर सरकते, अर्धी पत्र्यावर राहते. मग पुढच्या वेळी पाना लावायला नको, नुसत्या नजरेनं कळतं काय घट्ट आहे आणि काय सैल.

इथे तर एकही रेघ तुटलेली नव्हती. साबणानं धुवूनही गाडीखाली चिखल होता, पण रेघा स्वच्छ होत्या.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला. म्हटलं, "साहेब, तुमचा मिस्त्री मोठा टापटिपीचा हो. त्याचा पत्ता द्या."

ते म्हणाले, "कसला मिस्त्री? गाडी कधी बिघडलीच नाही. आम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाही."

"मग विकली कशाला?"

ते म्हणाले, "आता आम्हाला कुठे जायचं नसतं." आणि फोन ठेवला.

म्हटलं, असतील त्यांच्या आधीच्या मालकानं ओढलेल्या. धंद्यात माणूस न पटणाऱ्या गोष्टीला एक पटणारं कारण लावतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो.

३

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले होते. भर दुपारी शटर वर करून कामाला बसलो. बोल्ट सोडवले तशा त्यांच्या रेघा तुटल्या, ते ओघानंच आलं. बोल्ट रॉकेलमध्ये घासून चकचकीत केले, नवे पॅड बसवले, बोल्ट पुन्हा आवळले. आता आपणही रेघ ओढावी म्हणून झिपरीच्या नखांच्या रंगाची बाटली आणायला वर गेलो. बाटली लाल होती. ती शोधून खाली येईपर्यंत चहा थंड व्हावा एवढाच वेळ गेला असेल.

बोल्टांवर पिवळी रेघ होती.

बोट लावलं. ओली होती. बोटावर रंग आला, आणि रेघ मात्र होती तशीच राहिली.

मी वर जाऊन हिला विचारलं, "खाली आली होतीस?"

"मी? कशाला?"

"बोल्टांना रंग लावायला."

हिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की उत्तराची गरज राहिली नाही. "अहो, त्या तेलाच्या वासात बसू नका फार. डोक्यात जातो."

मला ते कारण पटलं. पटवून घेतलं म्हणा.

४

पण मी व्यापारी. माल खरा की खोटा ते हातात घेऊन पाहिल्याशिवाय झोप नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाचा एक नट पान्यानं सोडवला आणि परत मुद्दाम नुसता बोटानंच फिरवून ठेवला, सैल. अवजारांची पेटी उचलली, सगळीच्या सगळी, आणि वर स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवली.

"इथे काय पोळ्या आवळायच्यात?" ही म्हणाली.

"जरा गप्प बस. ऐक."

खालून आवाज आला. ठरावीक जोर पुरा झाला की कट् असा आवाज करणारा एक पाना असतो. चांगले कारागीर तोच वापरतात. आधी करर्र, करर्र, सावकाश. मग कट्. माझा तसला पाना माझ्यासमोर ओट्यावर पडला होता.

ही म्हणाली, "शटर उघडं ठेवलंत का?"

शटर बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती. खाली जाऊन पाहिलं तर खोलीत कोणी नाही, नट घट्ट, आणि त्यावर रेघ.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगतो, त्या भीतीच्या मागोमाग दुसरंही काही आलं. जन्मभर मी माणसं कामाला ठेवत आलो. कोणी उशिरा यायचं, कोणी अर्धं काम टाकून जायचं. आणि इथे एक कामकरी असा, की मजुरी नाही, चहा नाही, तोंड वर करून बोलणं नाही, आणि काम सोन्यासारखं. फुकट ते पौष्टिक म्हणतात. झिपरीची गाडी माझ्यापेक्षा चांगल्या हातांत आहे असं मी स्वतःला सांगितलं.

मग मी कामं सोडून ठेवायला लागलो. सकाळी सैल करून ठेवायचं, दुपारी जाऊन रेघ पाहायची. तपासणं मी बंद केलं. रेघ आहे म्हणजे घट्ट आहे, एवढ्यावर भागायचं.

आणि एका सकाळी, शटर ओढता ओढता, दुकानात एक गिऱ्हाईक ताटकळत होतं त्या घाईत, मी आत वळून बोलून गेलो, "बाकी जे जे सैल असेल ते बघून घ्या."

तुम्ही धंद्यातले, आत्ताच जीभ चावली असेल. मोघम काम कधी सांगू नये. कुठलं, किती, कुठपर्यंत, हे बोलल्याशिवाय सुताराच्या पोराला फळीसुद्धा कापू देऊ नये. हे मी दहा जणांना शिकवलेलं.

५

आधी न्हाणीघराचं दार करकरायचं थांबलं. त्याच्या बिजागरीच्या स्क्रूंवर पिवळी रेघ. मग गळका नळ थांबला. मग हिच्या चष्म्याची सारखी निसटणारी दांडी. तिच्यावर तर केसाएवढी रेघ होती, भिंगातून पाहावी लागली.

ही खूश. "वीस वेळा सांगितलं तेव्हा नळ झाला. बरं झालं, गाडीच्या निमित्तानं हात वळला तुमचा."

श्रेय मिळत असलं की माणूस गप्प बसतो.

आता आवाज घरातही यायला लागला. मी जेवत असलो की बाहेरच्या खोलीतून कट्. बाहेरच्या खोलीत गेलो की माजघरातून. उठून बघावं तर खुर्चीचा हलणारा पाय हलत नाही. सगळं घर गच्च बसत चाललं होतं. खिडक्या वाजत नव्हत्या. पायऱ्या बोलत नव्हत्या. त्या घरात मी तीस वर्षं राहिलो, डोळे मिटूनही कोण कुठल्या पायरीवर आहे ते सांगायचो. आता कोणीही कुठेही असू शकलं असतं.

एका दुपारी ही जरा आडवी झाली होती आणि मी दुकानातून वर आलो. खोलीच्या दारात असताना मला तो आवाज ऐकू आला. करर्र. करर्र. हिच्या अंगावरच्या चादरीखालून.

कट्.

मी धावत जाऊन चादर ओढली. ही डोळे चोळत उठली. "काय झालं?"

हिच्या उजव्या मनगटावर पिवळी रेघ होती. कोपराकडून येऊन, मनगट ओलांडून, तळहाताच्या मागच्या बाजूवर उतरलेली. सरळ. कुठे तुटलेली नाही.

साबण लावला, रॉकेल लावलं. हिची कातडी लाल झाली, रेघ तशीच.

"अहो, सोडा," ही म्हणाली. मग हात वर धरून बघत राहिली. "दुखत नाही."

ते मनगट कित्येक वर्षं दुखायचं. पिळलेला कपडा हातातून सुटायचा. आता दुखत नव्हतं. आणि वळतही नव्हतं. तिनं कप उचलला तो कोपरापासून सगळा हात एकसंध फिरवून, जसं आपण दाराची कडी फिरवतो.

डॉक्टर म्हणाले, सांधा आखडलाय, शेकत जा. रेघेबद्दल म्हणाले, "रंगकाम करता वाटतं?" परत येताना मी हिला सगळं सांगितलं, शटरपाशी काय बोललो तेही.

६

झिपरी गाडी न्यायला येणार तो दिवस जवळ आला तसा मी तो टाळायची निमित्तं शोधायला लागलो. सांगितलं नाही ना तुम्हाला, झिपरीचा डावा खांदा सैल आहे. लहानपणी झोक्यावरून पडली तेव्हापासून. मधूनच निखळतो. ती दात आवळते, भिंतीला टेकून एक हिसडा देते, खांदा जागेवर येतो, आणि मग हसते. "बाबा, तुमच्या दुकानात बसवून द्या एक बिजागरी," म्हणायची.

मी हिला म्हटलं, "तिला येऊ द्यायचं नाही."

ही भाजी निवडत होती. हात लाटण्यासारखा पुढे जायचा, मागे यायचा. "का म्हणून?"

"तुला कळत नाही का?"

"मला एवढं कळतं की माझं दुखणं गेलं. तिचा खांदा गुरं ओढताना निखळला तर तिथे कोण आहे तिला? एक दुपार झोपली इथे, की होईल बरा." आणि शांतपणे म्हणाली, "मी सांगून ठेवलंय."

"कोणाला सांगून ठेवलंयस?"

"तुम्ही ज्याला सांगितलंत त्यालाच. शटरपाशी उभं राहून. डावा खांदा, म्हटलं. मी तुमच्यासारखं मोघम नाही बोलत."

तिच्या डोळ्यांत वेड नव्हतं. आई होती. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

७

ती येणार त्या दिवशी दुपारी मी खाली गेलो. ऊन अर्ध्या वर केलेल्या शटरखालून आत येत होतं. आपण कामगाराला सांगतो तसं स्पष्ट सांगितलं, "काम बंद. झालं तेवढं पुष्कळ. मुलीला हात लावायचा नाही."

मग गाडीखालून करर्र.

मी गुडघ्यावर बसलो, गाल जमिनीला टेकवला, आत पाहिलं. दोष द्यायचा तर डोळ्यांना द्या. उन्हातून अंधारात पाहिलं की दिसतं त्यातलं निम्मं आपलंच असतं. मी स्वतःला अजून तेच सांगतो.

पलीकडच्या चाकाच्या आड एक हात होता. माझ्यासारखंच कोणीतरी पाठीवर झोपलं असावं, असा वर गेलेला. बोटांत बारीक ब्रश. ब्रश रेघ ओढत होता, पण बोटं हलत नव्हती. मनगट हलत नव्हतं. कोपरही नाही. सगळा हात खांद्यापासून एका तुकड्यात सरकत होता, काठीसारखा. बोटाच्या प्रत्येक पेरावर पिवळी रेघ होती. सरळ. एकही तुटलेली नाही.

मग तो हात थांबला, आणि त्याच्या मागे, जिथे चेहरा असायला हवा, तिथलं काहीतरी माझ्याकडे वळलं. मान वळते तसं नाही. सगळंच्या सगळं एकदम.

त्यापुढे मी पाहिलं नाही. शटर ओढून घेतलं आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. वर हिच्या कपबशीचा आवाज येत होता, आणि रस्त्याच्या टोकाला बस थांबली होती. झिपरी उतरत होती.

८

मी तिला दारातच अडवलं.

"बाबा, तुमचे कपडे बघा, अस्सल मिस्त्री झालात की," ती हसत म्हणाली. "आई कुठंय? भूक लागलीय."

"गाडी मिळणार नाही."

"का? बिघडली?"

"द्यायची नाही मला. आणि तू आत येऊ नकोस."

तिला आधी चेष्टा वाटली. "बरं, शेठ. उधारी राहिलीय का माझी?"

मी जे बोललो ते इथे सांगत नाही. माणसाला आपल्या पोरीचं कुठे दुखतं ते ठाऊक असतं. मी नेमका तिथे तिथे पाना लावला. तिच्या शिक्षणावर बोललो, तिच्या नोकरीवर बोललो, मुलगा नाही याबद्दल बोललो. वरून ही हाका मारत होती, "झिपरे, ये गं, जरा पड आधी, दमली असशील." झिपरी एकदा वर बघायची, एकदा माझ्याकडे. मग तिनं पिशवी उचलली. डाव्या हातानं उचलली, आणि वेदनेनं तिचा चेहरा आकसला. खांदा हलला होता. मी मनात म्हटलं, अजून सैल आहे.

"पुन्हा नाही येणार," ती म्हणाली.

"नकोच येऊस."

आलेल्याच बसनं ती परत गेली. तिनं खिडकीतून पाहिलं नाही.

गाडी मी भंगारवाल्याला दिली. त्याचा फोन आला, "शेठ, कसला रंग लावलात? एकही नट फिरत नाही. कापूनच काढावी लागली." पुढे त्यानं तुकडे वितळवायला पाठवले. घरातला आवाज थांबला. खोलीत आता नुसत्या कुलपांच्या पेट्या आहेत. ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिचं आता कोपरही वळत नाही, पण दुखत नाही म्हणते.

९

आणि परवा झिपरीचा फोन आला. कोणाकडून तरी तिला कळलं होतं की गाडी मी कापून टाकली. तिनं काय अर्थ लावला कोण जाणे. रडत होती. वासरू अडलं होतं, ओढताना खांदा निखळला, तासभर जागेवर येईना. "बाबा, फार दुखलं हो. तुम्ही या ना. चार दिवस राहा."

तिचा खांदा निखळला हे ऐकून मला इतका आनंद झाला की तो लपवावा लागला. निखळतोय म्हणजे तिच्यापर्यंत काही पोचलेलं नाही. मी येतो म्हटलं. पिशवी भरून ठेवली आहे, ती बघा तुमच्या पायाशी.

आता तुमच्याकडे का आलो ते सांगतो. काल सकाळी उठलो तर मान जरा जड. झोपेत अवघडली असेल. गार वारा लागला असेल. कारणं मला पुष्कळ येतात. पण मागून हाक आली तर मी सगळाच वळतो आहे, हे आज गिऱ्हाइकानं हसून दाखवलं. मानेच्या मागे माणसाला स्वतःला दिसत नाही. आरशात आरसा धरून पाहिलं, केस आड येतात, नीट दिसत नाही. हिला विचारलं तर ही न बघताच म्हणाली, "काही नाही हो. जा तुम्ही तिच्याकडे. जरूर जा." तिचं हे जरूर मला आवडलं नाही.

तुम्ही शेजारचे दुकानदार, नव्यानंच आलेले. माझ्या असण्या-नसण्यानं तुमचं काही जात नाही. कॉलर मी खाली करतो, तुम्ही उजेडात या आणि केसांखाली पाहा. तिथे काही नसेल तर मी या बसनं पोरीकडे जातो. आणि रेघ असेल तर जात नाही, कधीच नाही, तिनं कितीही बोलावलं तरी. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, माझ्या वयाकडे पाहू नका, पिशवीकडे पाहू नका. आयुष्यभर माल मोजलात तसं मोजा. जे असेल ते जमेला, नसेल ते नाही. एवढा एक हिशेब माझ्यासाठी चोख ठेवा.